अजिंक्य ज्वारी, खरखरीत ज्वारी आणि माझं घर

मी, खाली सही करणारी, वयाची ऐंशी ओलांडलेली, पीक संशोधन केंद्रातून कीटकशास्त्रज्ञ म्हणून निवृत्त झालेली, आज हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आज वार कोणता आणि देशाचा कारभार कोण चालवतं, असे दोन प्रश्न विचारले. पहिल्याचं उत्तर मी बरोबर दिलं. दुसऱ्याचं उत्तर खात्रीने कोणालाच देता येणार नाही, असं म्हटल्यावर त्यांनी ताबडतोब सही केली.

माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख योग्य त्या कलमात येईल. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सगळं पतींच्या नावे होतं आणि ते माझ्या आधी गेले. कोणतंही काम माझ्या आधी उरकायची त्यांना सवयच होती.

कलम १. माझी माणसं

आम्हाला मूलबाळ नाही. माझे पती त्याच केंद्रात पैदासकार होते, म्हणजे पिकांची नवी वाणं तयार करायचे. ते वाण तयार करत आणि मी ते मारून दाखवत असे. आमच्या संसारात मुख्य विषय खोडमाशी हा होता.

वारसांपैकी कोणी ही माशी पाहिली नसेल, म्हणून सांगते. दिसायला ती घरमाशीची गरीब नातेवाईक. ज्वारीचं रोप कोवळं असताना ती पानाच्या पाठीवर अंडं घालते. अळी निघते, पानावरून सरपटत खाली येते आणि पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानात, शिरून वाढीचा कोंभच कापते. बाजूची पानं हिरवीगार, मधला पोंगा वाळलेला. ओढला की अलगद हातात येतो आणि कुजका वास मारतो. याला पोंगेमर म्हणतात. कार्यालयांतही हा रोग असतो, पण तिथे त्याला बढती म्हणतात.

माझं काम ही माशी बोलावून आणण्याचं. मासळीच्या भुकटीच्या वासाला ती भुलते, म्हणून पतींच्या वाणांच्या ओळींमधून मी ओली भुकटी पसरायची आणि कोणतं वाण मरतं, कोणतं टिकतं ते बघायचं. 'माशांसाठी माशांची भुकटी' हा विनोद केंद्रात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाने स्वतःला आत्ताच सुचल्यासारखा मला ऐकवला आहे. त्या सर्वांना मी माफ करते.

जवळच्या माणसांत आता दोघंच उरली. एक माझी जाऊ, म्हणजे धाकट्या दिरांची बायको. दिरांना जाऊनही बराच काळ लोटला. दुसरा तिचा मुलगा, माझा पुतण्या, ज्याचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. जाऊबाईंना किड्यांची आयुष्यभर शिसारी. मी कामावरून परस्पर तिच्याकडे गेले की ती दारातच हात आडवा करायची आणि म्हणायची, "ताई, आधी अंघोळ, मग गप्पा." तिच्याकडे माझा एक टॉवेल कायमचा असे.

कलम २. अवजारं

किडे पकडायची काचेची नळी केंद्रात नव्याने लागलेल्या कीटकशास्त्रज्ञ मुलीला द्यावी. मी तिला ओळखत नाही. नळीचं एक टोक किड्यावर धरायचं आणि दुसऱ्या टोकाने तोंडाने हवा ओढायची असते. मधली बारीक जाळी शाबूत आहे ना, हे ओढण्याआधी बघावं. मी एकदा बघितलं नव्हतं. त्या दिवशी मला जेवण लागलं नाही.

टाचण्या टोचून ठेवलेल्या किड्यांच्या पेट्या जवळच्या शाळेला द्याव्यात. त्या घरातून लवकरात लवकर हलवाव्यात. कारण कलम ५ मध्ये कळेल.

पतींना आणि मला मिळून जे काचेचं सन्मानचिन्ह मिळालं, ते कोणाला नको असल्यास दाराला अडकण म्हणून चांगलं चालतं. मी तसंच वापरते. त्यावर आमच्या नावांपेक्षा साहेबांचं नाव मोठ्या अक्षरात आहे, पण ती बाजू भिंतीकडे ठेवता येते.

कलम ३. साहेबांना काय द्यावं

वकीलबाई हे मृत्युपत्र टाइप करत आहेत. त्यांचं म्हणणं असं की, "मावशी, राग ही काही मिळकत नाही. तो वाटून देता येत नाही." मी त्यांना सांगितलं की माझ्याकडे घराखालोखाल तोच जास्त आहे. तेव्हा त्यांनी 'इतर जंगम' या सदरात तो घालायला परवानगी दिली.

साहेब म्हणजे आमच्या केंद्राचे तेव्हाचे संचालक. कात्री नेहमी खिशात, कारण फीत कुठे भेटेल सांगता येत नाही. पतींनी त्या काळी एक देखणं वाण तयार केलं होतं. रुंद, मऊ पान, भरदार कणीस, सरळ ताठ ताट. साहेबांनी एका पानावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा! पानाला कसा रेशमी स्पर्श आहे." मला तिथेच काळजी वाटली. पानाच्या पाठीवर जी बारीक लव असते, तिच्यात खोडमाशीची अळी अडखळते, अडकते, पोंग्यापर्यंत पोचत नाही. रेशमी पानावर ती घसरगुंडीवरून यावी तशी खाली येते.

मी चाचणी घेतली. ओळीच्या ओळी पोंगेमरने गेल्या. मी तसं लिहिलं. साहेबांनी बोलावून घेतलं.

"बाई, तुमच्या प्लॉटमध्ये एवढ्या माशा आल्याच कशा?"

"मी बोलावल्या, साहेब. चाचणी त्यांचीच आहे."

"मग यात वाणाचा काय दोष? ही तर तुमची चूक झाली."

त्यांनी दुसरी चाचणी लावली. माशी नसते त्या दिवसांत लवकर पेरलेली, कडेने फवारणी केलेली, रोज झाडून घेतलेली. तिच्यात एकही रोप मेलं नाही. समितीने माझ्या अहवालावर शेरा मारला : 'कीटकांची उपस्थिती हा बाह्य घटक असल्याने निष्कर्षातून वगळावा.' कीटकप्रतिकाराच्या चाचणीतून कीटक वगळण्याचा मान आमच्या केंद्राला मिळाला.

पतींना मी त्या संध्याकाळी विचारलं, "तुम्ही सही करणार?"

ते म्हणाले, "इतकी वर्षं घालवली आहेत मी त्यात. एक हंगाम माशा जरा कमी आण ना."

"त्यांना विचारून बघते."

त्यांनी सही केली. वाणाचं नाव 'अजिंक्य' ठेवलं, तेही त्यांनीच. त्यानंतर आमच्यात 'मीठ दे' आणि 'दिवा घालव' एवढंच बोलणं उरलं. एका टेबलावर दोन माणसं जेवत, पण पंगत दोन गावांत असल्यासारखी.

अजिंक्यचं बियाणं थाटात वाटलं गेलं. साहेबांनी फीत कापली. मोठ्या भावावर भरवसा ठेवून दिरांनीही सगळ्या रानात तेच पेरलं. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पेरण्या लांबल्या आणि खोडमाशीला निमंत्रणाची गरज पडली नाही.

केंद्रात आढावा बैठक चालू होती. लांब टेबल, पांढरं कापड, पाण्याच्या बाटल्या, पती आणि मी दोन टोकांना. दार उघडलं आणि माझी जाऊ आत आली. काखेत वाळक्या रोपांचा भारा. शिपाई मागून "अहो बाई, अहो बाई" करत होता. तिने भारा साहेबांच्या पुढ्यात टाकला.

"हे तुमचं अजिंक्य."

साहेब खुर्ची मागे घेत म्हणाले, "हे पाण्याच्या ताणाने झालंय."

"पाण्याच्या ताणाला अळ्या होतात का?" असं म्हणून तिने एका रोपाचा पोंगा ओढला, बोटांनी फोडला आणि आतली पिवळट अळी त्या पांढऱ्या कापडावर ठेवली. झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढणारी बाई ती. तरी अळी तिने टाकली नाही, नीट ठेवली. अळी साहेबांच्या दिशेने निघाली.

"ही कोण बाई? हिला आत कोणी सोडलं?"

पती उठून उभे राहिले. मला वाटलं, तिला बाहेर नेतात आता. ते म्हणाले, "ही माझी भावजय आहे. आणि ती म्हणते ते खरं आहे. माझ्या बायकोने हे आधीच लिहिलं होतं."

त्या दिवशी आम्ही दोघं सरळ दिरांच्या रानात गेलो. पती एका मेलेल्या ओळीत खाली बसले, एक पान उलटं करून बघत राहिले.

"अंडं पाठीवरच घालते?"

"हो. लिहिलं होतं मी."

"वाचलं होतं मी," ते म्हणाले.

माफीबिफी मागितली नाही. पण घरी आल्यावर मीठ त्यांनी स्वतः उठून आणून दिलं.

खरं बोलल्याबद्दल पतींना वाणांच्या कामावरून काढून कार्यालयासमोरच्या हिरवळीवर नेमण्यात आलं. ती हिरवळ हुमणीच्या अळ्यांनी मुळातून खाल्ली होती, तरी तिला दररोज पाणी घातलं जाई, कारण पाणी घालण्याचा आदेश निघाला होता आणि मेल्यावर थांबवण्याचा निघाला नव्हता. पतींनी तिथे एक राठ, चिवट गवत लावलं, ज्याची मुळं खाल्ली तरी पुन्हा फुटतात. ते टिकलं. पाहुण्यांच्या पायाला टोचतं, म्हणून त्यांना त्याबद्दल खुलासा द्यावा लागला.

सबब, साहेब हयात असल्यास, माझ्या मागच्या बाल्कनीतल्या डब्यात उरलेली मासळीची भुकटी त्यांना घरपोच द्यावी. डबा दिवाणखान्यात उघडावा.

कलम ४. पुतण्या आणि दडपण

हे कलम समजायला आधी थोडं सांगावं लागेल.

बांधावर उगवणाऱ्या ज्वारीच्याच एका रानटी भावंडाशी पतींनी पूर्वी एक संकर केला होता. पान खरखरीत, कणीस बारकं, रंग मळकट. साहेबांनी त्याला 'हे काय गवत' म्हणून कोपऱ्यात टाकलं होतं. हिरवळीवरून सुटल्यावर पती त्यावर काम करत. पण ते पारखायला जागा हवी आणि केंद्राने आम्हाला कुंडीभर मातीही दिली नाही.

एका सकाळी जाऊबाई म्हणाली, "माझ्या रानात सोडा तुमच्या त्या माशा."

मी म्हटलं, "कळतंय का काय म्हणतेस? एकदा पीक गेलंय तुमचं."

"गेलंय म्हणूनच. कोण मेलं आणि कोण जगलं ते माझ्या डोळ्यांनी बघायचंय मला. यांचं म्हणाल तर यांना मी सांगते."

दिरांना तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण ते दोन दिवस कोणाच्या नजरेला नजर देत नव्हते. जाऊबाईंनी नाकाला फडकं बांधून भुकटी स्वतःच्या हाताने पसरली. शेजारचे शेतकरी बांधावर उभे राहून बघायचे. चांगल्या घरची बाई किडे विकत आणून पिकात सोडते, याची चर्चा पार पलीकडच्या वस्तीपर्यंत गेली. सलग काही हंगाम तिने हे केलं. अळ्यांनी कोंभ खाल्ला तर बाजूने नवा फुटवा धरणारी रोपंही त्यात निघाली. त्यांच्यापाशी ती जरा जास्त वेळ उभी राहायची.

ती खरखरीत ज्वारी टिकली. बांधावर हसणारे लोकच मग जाऊबाईंच्या दारात पायली घेऊन आले आणि तिने कोणाला नाही म्हटलं नाही. पुढे केंद्राने त्या ज्वारीला एक क्रमांक दिला आणि 'साहेबांच्या प्रेरणेने' असं छापलं. जाऊबाईंचं नाव कुठेच नाही. म्हणून ते काम मी इथे करते : ती ज्वारी तिच्यामुळे आहे.

दीर गेल्यावर पुतण्याने ते रान विकलं आणि औषधांचं दुकान काढलं. आई दुकानाच्या माडीवर राहते. म्हणजे औषधांची खोकी राहतात आणि उरलेल्या जागेत आई राहते. खोक्यांना वारा लागू नये म्हणून खिडकी बंद. मी भेटायला जाते तेव्हा ती खोकत असते. ती म्हणते, "काही नाही हो ताई, सवय झाली मला." जिला माझ्या अंगाचा वास चालत नव्हता, तिला आता त्या औषधांच्या वासाची सवय झाली, हे मला सहन होत नाही.

मागच्या महिन्यात पुतण्या माझ्याकडे आला. हातात मोजपट्टी. पुढची खोली मोजू लागला.

"काय मोजतोस रे?"

"काही नाही, काकू. तुमच्या मागे घर ओसाड पडायला नको. इथे गोदाम छान होईल. कागद मी करून आणतो, तुम्ही फक्त सही करा."

"मी अजून पुढेच आहे. मागे गेले की बघू."

तो हसला. मुलगा वाईट नाही, गोड बोलतो, आणि तेच वाईट आहे. मी विचारलं, धंदा कसा चाललाय.

"झकास. त्या खरखरीत ज्वारीवरसुद्धा लोक फवारतात आता. मीच सांगतो, खबरदारी म्हणून."

"अरे, तिच्यावर माशी टिकत नाही."

"म्हणूनच तर, काकू! रिझल्ट शंभर टक्के. एकही तक्रार नाही."

पस्तीसेक वर्षं माशांशी वागले, पण माशी इतकी हुशार नसते.

पुतण्याला मी माझं खिशातलं भिंग देते. औषध विकण्याआधी गिऱ्हाईकाच्या पिकाचं एक पान उलटून त्यातून बघावं, अशी अट मला घालायची होती. वकीलबाई म्हणाल्या की असली अट कोर्टात टिकत नाही. तेव्हा अट नाही. भिंग आहे. बाकी त्याने बघावं.

याखेरीज त्याला काहीही देऊ नये. तो म्हणेल की काकूचं डोकं फिरलं होतं. डॉक्टरांचा दाखला पहिल्या पानाला जोडला आहे.

कलम ५. घर

मी राहते ते घर मी निवृत्तीनंतर माझ्या कमाईतून घेतलं. त्यावर कोणाचा हक्क वा बोजा नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे बाल्कनी, सगळ्या खिडक्या उघडणाऱ्या. हे घर आतल्या सामानासह मी माझ्या जाऊबाईंना देते.

वकीलबाईंनी सुचवलं होतं की फक्त हयातीपुरतं द्यावं, तशी पद्धत असते. मी नको म्हटलं. हयातीपुरतं दिलं तर कोणीतरी तिची हयात मोजत खाली उभं राहील. घर पूर्ण मालकीने तिचं. तिने विकावं, भाड्याने द्यावं, कुलूप लावून बसावं. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारात हात आडवा करून थांबवायचं, हे तिने ठरवावं. पुतण्या आईला भेटायला येईल तेव्हा विचारून यावं आणि रिकाम्या हाताने यावं. खोकं एकही आणू नये.

हे तिला मी हयातीत सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ती मुलाला सांगितल्याशिवाय राहिली नसती.

कलम ६. बियाणं

फडताळातल्या पत्र्याच्या डब्यांत खरखरीत ज्वारीचं मूळ बियाणं आहे. केंद्रातही ते शीतकपाटात असल्याचं मला लेखी कळवलं गेलं. मी बघायला गेले तेव्हा शीतकपाटात पाहुण्यांसाठी थंड पेयं होती. तरी माझ्याकडचं बियाणं मागेल त्याला मूठ मूठ द्यावं. पिशवीवर कोणाचं नाव, फोटो किंवा प्रेरणा छापू नये.

कलम ७. देह

देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. शोकसभा घ्यायचीच असेल तर ती साहेबांना न कळवता घ्यावी. कोणी फुलं आणली तर ती फवारलेली नसावीत. फुलात किडा दिसला तर राहू द्यावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

सहीपूर्वीची नोंद

हे लिहायचं नसतं असं वकीलबाई म्हणतात. लिहा म्हणून मी सांगितलं आहे.

आज सह्या व्हायच्या होत्या. पहिले साक्षीदार डॉक्टर वेळेवर आले. दुसरे साक्षीदार, शेजारचे निवृत्त टंकलेखक, घरचा नळ फुटल्यामुळे अडकले. आम्ही वाट बघत असताना जाऊबाई माझी औषधं घेऊन आली. जिना चढून दम लागला होता, खोकत होती. काय चाललंय म्हणून विचारलं. साक्षीदार कमी पडलाय, असं डॉक्टर म्हणाले.

"मग त्यात काय, मी करते. द्या पेन."

"तुम्हाला नाही करता येणार," वकीलबाई म्हणाल्या.

"का? मला सही येते. अंगठा नाही लावत मी."

"तसं नाही हो. ज्याला मिळकत मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही." एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मला काय मिळतंय? ताई, त्या किड्यांच्या पेट्या माझ्या गळ्यात मारू नका हं."

"घर," मी म्हटलं.

"कुठलं?"

"हेच."

ती खुर्चीवर बसली. पेन हातातच होतं. ते तिने टोपण लावून टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "नको. तुम्ही मरायची वाट बघत बसू का मी?"

"वाट बघ म्हणून कोणी सांगितलं? मागची खोली रिकामी आहे. आजच ये."

वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, हे मृत्युपत्रात बसत नाही. मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं."

"म्हणून तर तोंडी सांगतेय."

जाऊबाई उठून आत गेली. मागच्या खोलीची खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग आतून हाक आली, "ताई, इथे पडदे नाहीत. आणि माझं कपाट या दारातून जाणार नाही."

"दार काढू," मी म्हटलं.

टंकलेखक आत्ताच ओल्या बाह्यांनी आले आहेत. मृत्युपत्र वाचायला त्यांना वेळ नाही. सही करून ते कपाटासाठी हातगाडीवाला बघायला जाणार आहेत. डॉक्टर दाराच्या बिजागऱ्या बघत आहेत.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करते.

ठिकाण : राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक : नऊ ऑक्टोबर, दुपार

सही : (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार
१. डॉक्टर. दाखला देणारे. सही केली. स्क्रू-ड्रायव्हर मागितला.
२. निवृत्त टंकलेखक, शेजारी. सही केली. हातगाडी संध्याकाळी येते म्हणाले.